कण्यातली चिठ्ठी

आमच्या कारखान्यात नव्या वर्षाचा संकल्प वहीच्या कण्यात चिकटवतात. ही पद्धत बाबांची. बाबा बाइंडर होते, त्यामुळे जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे दोनच उपाय असायचे, टाका घाला नाहीतर खळ लावा. लोक संकल्प लिहून आरशावर लावतात आणि आठ दिवसांत आरशात फक्त स्वतःचं तोंड बघायला लागतात, असं ते म्हणायचे. म्हणून वर्षाच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आम्ही प्रत्येकजण उरल्यासुरल्या कागदाची एक कोरी वही बांधतो. चिठ्ठी कण्यावर ठेवायची, वरून कापड चढवायचं आणि वही फळीवर ठेवून द्यायची. वर्षभर तिला कुणी हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी त्याच दिवशी दुपारी चार वाजता कणा फाडायचा आणि चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचायची. वाचून झाली की बाकीचे विचारतात, "पाळला?" ज्याचा मोडला असेल त्याने संध्याकाळी कारखाना झाडायचा.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, पद्धत चालू आहे. आम्ही चौघं आहोत. शिवणकाकू वह्या-पुस्तकांचे फर्मे शिवतात, म्हणजे घड्या घातलेली पानं दोऱ्याने एकमेकांना जोडतात. बोलता बोलता, हाताकडे न बघता. पैलवान पुठ्ठे कापतो आणि खळ शिजवतो. त्याच्या अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून तो पैलवान. माझा मोठा भाऊ, म्हणजे सगळ्यांचा दादा, कटिंग मशीनवर. आणि उरलेलं सगळं माझ्याकडे, ऑर्डरी, कागद, सोनेरी अक्षरं आणि भांडणं. भांडणांत मी कुणाला हार जात नाही. कागदवाला माझा फोन आला की आधी खुर्चीत बसून घेतो, असं त्यानेच एकदा सांगितलं.

संकल्पांचं म्हणाल तर पैलवानाचा दरवर्षी एकच, सिगारेट सोडायची. लोकांचे नव्याचे नऊ दिवस असतात, त्याचे पाचच असतात. सहा वर्षं तोच झाडतोय, झाडू त्याने घरून आणून ठेवलाय. शिवणकाकूंचा संकल्प होता, सुनेशी दिवसातून एकदा तरी गोड बोलायचं. तो त्यांनी तंतोतंत पाळला. सकाळी सातला एकदा गोड बोलून घेतात, मग दिवसभर मोकळं रान.

माझा संकल्प मात्र थट्टेचा नव्हता. तो का लिहिला ते सांगते.

मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरात आम्ही एका शाळेसाठी हजार डायऱ्या बांधत होतो. शंभरेक डायऱ्या झाल्यावर माझ्या लक्षात आलं की पानांचे आकडे खालून अर्धे कापले गेलेत. दादा म्हणाला, छपाईच वाकडी आहे. मी छापखानेवाल्याला फोन लावला आणि पाऊण तास धुतला. त्याला काही बोलूच दिलं नाही. फोन ठेवून रद्दीच्या पोत्याजवळ गेले, तर कापून पडलेल्या पट्ट्यांवर आकड्यांची खालची अर्धुकं होती, सगळी एका रेषेत, अगदी सरळ. छपाई सरळ होती. कापणं दोन मिलिमीटर आत गेलं होतं.

मग मी दादाकडे बघायला लागले. आमचं मशीन जुनं आहे. मागे एक लोखंडी पट्टी असते, ती चाक फिरवून मागेपुढे करायची. कागदाची गड्डी तिला टेकवली की किती कापायचं ते ठरतं. मग वरून दाब उतरतो, गड्डी आवळून धरतो, आणि पातं खाली येतं. नव्या मशीनला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय पातं हलत नाही. आमच्याला एकच दांडा. तो उजव्या हाताने ओढायचा, डावा हात कुठे ठेवायचा हे ज्याचं त्याने बघायचं. दादा एकोणीस वर्षांचा असताना बाबांनी त्याला या मशीनवर उभं केलं, तेव्हा त्याला एवढंच सांगितलं होतं की मशीनला डोळे नाहीत, तुला आहेत.

दादाला चाकावरचे आकडे दिसत नव्हते. तो चाकाचे फेरे मोजत होता, आणि पातं कुठे उतरणार त्या रेघेवर नजर न लावता अंगठ्याने चाचपत होता. माणूस एरवी नीट चालायचा, दाराला अडखळायचा नाही, चहाचा पेला बरोबर उचलायचा. पण समोर धरलेला कागद वाचायची वेळ आली की मान जरा तिरकी करायचा आणि म्हणायचा, "धाकटे, तूच वाच, माझा हात खळीचा आहे." हात कोरडा असायचा.

त्याच डिसेंबरात मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘दादाला मशीन सोडायला सांगायचं. तोंडावर. त्याचं बोट जायच्या आत.’

आणि सांगितलं नाही. अख्खं वर्ष गेलं, सांगितलं नाही. जगाला चार शब्द सुनावणारी मी, पण दादापुढे माझ्या तोंडाला कुलूप. आई लवकर गेली, बाबा कारखान्यात. माझ्या वेण्या दादाने घातल्यात, बाइंडरच्या पोराने घालाव्यात तशाच, करकचून. त्याला मी कुठल्या तोंडाने सांगणार होते की तुझं काम संपलं?

मी दुसरंच काहीतरी करत बसले. तो आठला येतो, म्हणून मी सातला यायला लागले. त्या दिवशी जे कापायचं असेल त्या मापाला चाक आधीच लावून ठेवायचे. गड्ड्यांवर जाड काळ्या पेन्सिलीने रेघ ओढायचे आणि सांगायचे की ग्राहकाने ओढून पाठवलीय. वाकडं गेलेलं काही असलं तर तो जेवायला बसल्यावर गपचूप पोत्यात. वर्षभरात आमच्याकडे एकही डायरी परत आली नाही. मला त्याचा अभिमानही वाटायचा, हे कबूल करते.

ऑक्टोबरात रद्दीच्या पोत्यात मला अर्धं बटण सापडलं. शर्टाच्या बाहीचं, पांढरं, मधोमध कापलेलं. दादाने त्या दिवशी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. मी त्याच्याकडे बघितलं, तो कागदाकडे बघत होता, किंवा बघतोय असं दाखवत होता. बटणापासून मनगट किती लांब असतं ते मी त्या रात्री स्वतःच्या बाहीवर मोजून पाहिलं. तेव्हापासून पातं खाली आल्याचा आवाज झाला की मी त्याची बोटं मोजायचे. तरीही बोलले नाही. उद्या बोलू, ही ऑर्डर होऊ दे, त्याच्या गुडघ्याचं दुखणं कमी होऊ दे. निमित्तांना काय तोटा.

असं करत करत वर्षाचा शेवटचा दिवस आला. चार वाजता माझी चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली जाणार होती. शिवणकाकू आणि पैलवानाच्या देखत दादाला ते ऐकावं लागणार होतं. मला ते सहन झालं नसतं. म्हणून मी ठरवलं की सकाळी लवकर जाऊन आपली चिठ्ठी काढायची आणि तिच्या जागी दुसरी घालायची, रोज चार जिने चढायचे किंवा असलंच काहीतरी. बाबांच्या पद्धतीत आजवर कुणी खोटेपणा केला नव्हता. पैलवानानेसुद्धा नाही.

सातला कुलूप काढलं. फळीवर चार वह्या, चारही एकाच मरून कापडाच्या, कारण मागच्या वर्षी तेच कापड उरलं होतं. ओळख फक्त खुणेच्या फितीवरून. माझी हिरवी, दादाची तपकिरी, काकूंची पिवळी, पैलवानाची पांढरी. चिठ्ठी ज्याची त्याने ठेवायची, घडी घालून, आणि फीत चिकटवून कापड चढवायचं काम दादाचं. आधी ते बाबा करायचे.

हिरव्या फितीची वही खाली घेतली, पातळ सुरीने कण्याचं कापड एका बाजूने उचकटलं आणि चिमट्याने चिठ्ठी ओढली. घडी उघडली तर अक्षर माझं नव्हतं. मोठी मोठी, ओळ सोडून वर गेलेली अक्षरं होती, जाड पेन्सिलीने लिहिलेली. ‘डोळ्यांचं धाकटीला कळू द्यायचं नाही. एक वर्ष काढायचं.’

फिती उलट्या लागल्या होत्या. हिरवी आणि तपकिरी यांतला फरक त्याला तेव्हाच दिसत नव्हता.

आधी मला राग आला, भयंकर. मनात आलं, वा रे वा, मी इथे तुझी बोटं मोजतेय आणि तू माझ्यापासून लपवतोयस. मग मी स्टुलावर बसले आणि हळूहळू उमगलं की त्याचा संकल्प पाळला गेला तो माझ्यामुळे. त्याने लपवलं आणि मी ते लपवायला मदत केली. रोज सातला येऊन केली. मी तिथे बसून रडले. मग खळीचं पातेलं चुलीवर ठेवलं, कारण पैलवान यायच्या आत कणा परत चिकटवायला हवा होता. माझी खरी चिठ्ठी तपकिरी फितीच्या वहीत होती. ती काढायला हात घातला तोच जिन्यावर शिवणकाकूंचा खोकला ऐकू आला. हिरव्या वहीच्या कण्याला घाईने खळ फासली आणि ती तशीच ओली फळीवर ठेवली. दादाची चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली.

दिवसभर शेवटच्या ऑर्डरीची बांधाबांध चालली होती. काकूंनी दोनदा विचारलं की ताई, आज तुम्ही कुणावर ओरडला नाहीत, बरं वाटत नाही का.

चार वाजता पैलवानाने चहा ओतला. आम्ही मोठ्या टेबलाभोवती बसलो. पहिला पैलवान. त्याने चिठ्ठी वाचायच्या आधीच "मोडला" म्हणून टाकलं आणि झाडूकडे बोट दाखवलं. काकूंनी वाचली, पाळला होता, फक्त सून गावाला गेलेले दहा दिवस धरायचे की नाहीत यावर थोडी चर्चा झाली. फोनवर बोलल्या होत्या, म्हणून धरले.

मग दादाने तपकिरी फितीची वही घेतली. कणा फाडला, त्याच्या हाताला ते काम न बघता येतं. माझी चिठ्ठी बाहेर आली. त्याने घडी उघडली, चिठ्ठी जरा लांब धरली, मान तिरकी केली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "चहात एकच चमचा साखर."

मी त्याच्या अगदी समोर बसले होते. कागदाच्या पाठीवर उमटलेली माझी शाई मला दिसत होती. तीन ओळी होत्या.

"पाळला?" काकूंनी विचारलं.

"पाळला," दादा म्हणाला. पैलवान म्हणाला की मी रोज दोन घालतो, कुणी सांगितलंच नाही मला. सगळे हसले. दादाही हसला, आणि चिठ्ठी चुरगळून खिशात ठेवणार तेवढ्यात त्याने माझ्याकडे तोंड वळवलं. "चल धाकटे, तुझी."

मला खोटं बोलता आलं असतं. चार जिने तोंडात तयार होते. पण त्याचा डावा हात टेबलावर पसरलेला होता, पाची बोटांसकट, आणि सोमवारपासून तो हात पुन्हा पात्याखाली जाणार होता. बटणाची गोष्ट पुन्हा आठवली.

मी म्हणाले, "दादा, तुझ्या हातात आहे ती चिठ्ठी माझी आहे. फिती उलट्या लागल्या होत्या."

काकूंचा चहाचा पेला तोंडाशी थांबला. दादाने तो चुरगळलेला कागद टेबलावर ठेवला, तळव्याने सरळ केला, अगदी व्यवस्थित, कडा जुळवून, आणि माझ्याकडे सरकवला.

"वाच मग," तो म्हणाला. "तुझी आहे तर."

मी वाचली. तिन्ही ओळी. पैलवान खाली बघायला लागला. नेहमीचा प्रश्न विचारायला कुणी धजेना, तेव्हा तो दादानेच विचारला.

"पाळला?"

"नाही," मी म्हणाले. "पण वर्ष अजून संपलं नाही. दादा, मशीन सोड. आजपासून. बोट जाईल तुझं."

एवढंच. बारा महिने मी जे गिळत होते ते इतकंसं होतं. दादाने पेल्यातला उरलेला चहा संपवला. मग विचारलं, माझी चिठ्ठी कुठे आहे. मी खिशातून काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती उघडली नाही, नुसती चाचपली. वाचलीस का, म्हणाला. मी म्हणाले, सकाळी सातला.

"म्हणजे माझा मोडला."

"तुझा लिहायच्या आधीच मोडला होता. मला नोव्हेंबरातच कळलं होतं."

"माहीत आहे," दादा म्हणाला. "म्हणजे मार्चपासून माहीत आहे. संध्याकाळी मी चाक जिथे सोडून जायचो तिथे ते सकाळी नसायचं. कोण लावतं ते काय मला कळत नव्हतं?"

मग तूच का नाही बोललास, असं मी विचारलं. त्यावर तो जे बोलला ते मी अजून विसरलेले नाही.

"मी म्हटलं, धाकटी बोलत नाही म्हणजे अजून चालतंय. एरवी तू कुणाला सोडतेस का? ज्या दिवशी तू बोलशील त्या दिवशी मशीन सोडायचं, असं मी मनाशी धरलं होतं. बटण कापलं गेलं त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत वाट बघितली तुझी."

मी वर्षभर त्याला जपत होते, आणि त्यातले दहा महिने तो माझ्या गप्प बसण्यावर विसंबून पात्याखाली हात घालत होता. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की टेबलावरून उठावंसं वाटलं. उठले नाही.

मग त्याने डॉक्टरचं सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, मधलं पुसट होत जातं, कडेचं राहतं. गेलेलं परत येत नाही, पण पुरता अंधारही होणार नाही. काकूंनी विचारलं, वहिनींना ठाऊक आहे का. तो म्हणाला, तिला सगळ्यांच्या आधी कळलं. ताटात कुठे काय वाढलंय ते ती सांगते, समोरून कोण येतंय ते सांगते, शर्ट उलटा घातला असेल तर तेही सांगते, आणि ते जरा मोठ्याने सांगते.

नव्या वह्या बांधायच्या होत्या. यंदा करड्या रंगाचं कापड उरलं होतं. दादाने आपली चिठ्ठी आपणच लिहिली, हाताने आडोसा करून, आणि घडी घालून कण्यावर ठेवली. फितींचा डबा उघडला, आत बोटं फिरवली आणि डबा माझ्यापुढे ढकलला.

"आता हे तुझ्याकडे," तो म्हणाला. "मशीनही तूच शिक. मी शेजारी उभा राहीन. कागद किती आवळलाय ते मला अजून हाताने कळतं."

मी चार फिती चिकटवल्या. हिरवी माझी, तपकिरी त्याची, दोनदा बघून.

राहिलं झाडायचं. पैलवान सवयीने उठला, पण दादाने त्याच्या हातातून झाडू घेतला. माझाही मोडलाय, म्हणाला, निदान अर्धा कारखाना माझा. पैलवान बिचारा काय करावं ते न कळून खळीचं पातेलं घासायला गेला. काकू निघाल्या.

दादा मशीनच्या बाजूने झाडत आला. कडेकडेचं सगळं नीट गोळा होत होतं, कोपऱ्यातलं, टेबलाच्या पायांमागचं. मधोमध मात्र, त्याच्या अगदी समोर, कातरणांचा एक पट्टा तसाच राहत होता, आणि दादा तो ओलांडून पुढे जात होता. माझा हात भिंतीला टेकवलेल्या दुसऱ्या झाडूकडे गेला. वर्षभराची सवय. तो बाहेर गेला की झाडून टाकू, त्याला कळणारही नाही.

मी झाडू परत भिंतीला टेकवला.

"दादा," मी म्हणाले, "समोरचं राहिलंय."

तो थांबला. "कुठे?"

"तुझ्या पायांपुढेच. जरा डावीकडे. आणखी थोडं. हां, तिथे."

त्याने मान तिरकी केली, झाडू डावीकडे नेला आणि पट्टा ओढून घेतला. दोन कातरणं राहिली. मी तीही सांगितली.